खारीच्या कानातला बिल्ला

तीन दिवस झाले, धुई उठायचं नाव घेत नव्हती. मार्गशीर्षातली सकाळ, पण उजाडलं का नाही हे नुसतं घड्याळ सांगत होतं. समोरच्या क्लासच्या इमारतीवर मागच्या साली डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो हारीनं लावलेले होते, ते सगळे धुईत बुडाले होते. खालच्या झेरॉक्सच्या दुकानाची पाटी तेवढी वर आली होती. गावाकडं अशी धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो आणि माणसं तोंड पाडून पारावर बसतात. शेषेरावाच्या नावावर आता तुरीचं एक झाड नव्हतं. लातुरात, ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुमजली घर होतं. वरच्या चार खोल्यांत आठ पोरी राहायच्या. धुईनं त्याचं नुकसान एवढंच, की गच्चीवरचं सोलार पाणी तापवीत नसे.

मग अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढायचं. पाचला उठून शेषेराव तुराट्या मोडायचा, जाळ घालायचा. साडेपाचला पोरी बादल्या घेऊन जिन्यावर उभ्या. डोळ्यांत झोप आणि तोंडात रसायनाची सूत्रं. कुणी म्हणायची, आबा, आज माझी टेस्ट हाय, मला आधी द्या. शेषेराव म्हणायचा, बाई, तुमच्यात टेस्ट नाही अशी एक दाखवा, तिला मी शेवटी देतो. पोरी हसायच्या आणि रांग मोडायच्या.

चुलीच्या उबेला खारी पडलेली असायची. रंगानं बेकरीतल्या खारीसारखी, म्हणून खारी. चार वर्षांमागं हदगावची एक पोरगी खोलीवर राहायला आली तेव्हा तिनं बॅगेत घालून हे पिल्लू आणलं होतं. महिनाभर तिनं ते पलंगाखाली दडवलं. सापडलं तेव्हा रडली. शेषेरावानं पिल्लू उलटं धरलं, दात बघितले, पोट दाबलं, म्हणाला, जंत हायत, बाकी काही न्हाई. झालं, पिल्लू घरचं झालं. परीक्षा झाली, पोरगी हदगावला निघून गेली, तिकडंच कुठं नर्सिंगला लागली. खारी राहिली.

जनावर उलटं धरून बघायची शेषेरावाची सवय तीस वर्षांच्या नोकरीची. तो सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होता. जखम धुवायची, पट्टी बांधायची, सुई द्यायला जनावर धरायचं आणि विम्याच्या जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, हे त्याचं काम. कागदावर पट्टीबंधक, पण गावोगाव त्याला डॉक्टरच म्हणायचे. खरे डॉक्टर जीपमधून उतरून सही करायचे आणि शेषेराव बाह्या वर सारून गायीच्या पोटात हात घालायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बसस्टँडवर कुणी म्हातारं "डॉक्टर, रामराम" म्हणालं की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

घरात दुसरं माणूस म्हणजे सून, अयोध्या. ती समोरच्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मुलगा व्यंकट उदगीरला रेल्वेत, रविवारचा पाहुणा. शेषेरावाची बायको गेल्यापासून घराचा गाडा अयोध्या हाकीत होती आणि सासऱ्याला "मामा" म्हणत त्यालाही हाकीत होती. खारी तिच्या जिवाचा तुकडा. गेल्या उन्हाळ्यात खारीनं आंब्याची कोय गिळली. आतड्यात अडकली, पोट फुगलं, डॉक्टर लुबनानं पोट फाडून कोय काढली तेव्हा जनावर वाचलं. त्या दिवशी अयोध्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लेकरासारखी रडली होती, आणि उठताना म्हणाली होती, मामा, हिचा विमा काढायचा.

विमा हा शब्द ऐकून शेषेरावाला आधी हसू आलं, मग अंगात वारं शिरल्यासारखं झालं. साऱ्या घरात ह्या एका विषयातलं कुणाला कळत असेल तर ते त्याला. हजारभर जनावरांचे विमे त्याच्या हाताखालून गेले होते.

बोलणं पावसाळाभर नुसतं बोलण्यावरच राहिलं. धुईतल्या ह्या रविवारी तिघं बसली. अयोध्यानं टेस्टच्या कोऱ्या पाठीवर तीन रकाने पाडले. एका विम्यात नुसता अपघात आणि ऑपरेशन. दुसऱ्यात आजार, औषध, डॉक्टरची फी सगळं, पण दर वेळी पाचवा हिस्सा आपला. तिसऱ्यात कुत्र्यानं कुणाला चावलं किंवा कुत्रं हरवलं तरी भरपाई. व्यंकट म्हणाला, तिसरा घ्या, ही कुणाला चावली तर आपण वाचू. अयोध्या म्हणाली, ही चावते का कुणाला, चोर आला तर त्याची चप्पल चाटंल. मग अर्जात जातीचा रकाना आला. लॅब्रॅडॉर लिहावं तर खारीची शेपटी आणि पाय सरळ नाल्यावरच्या गावरान खानदानातले. व्यंकट म्हणाला, आबा, माणसाची जात सुटंना, अन् कुत्रीला बी दाखला लागलाय. सगळी हसली. शेषेरावही हसला.

हसला नाही तो पुढच्या रकान्याला. ओळखीची खूण.

अयोध्यानं विम्याच्या एजंटाला, वकारला, फोन लावला. वकार गंजगोलाईतल्या अत्तरवाल्यांच्या घरातला, बोलायला मऊ. तो म्हणाला, काका, ओळख पटायला पाहिजे एवढंच. चिप बसवलेली असली तर नंबर द्या, न्हाई तर फोटो द्या, फिकीर करू नका. सोमवार-मंगळवारकडं मीच येऊन बघून जातो.

फोटो. शेषेरावाला ते काही पटलं नाही. खारीच्या रंगाची दहा कुत्री ह्या एका गल्लीत होती. उद्या काही झालं तर कंपनी म्हणेल, कशावरून हीच? फोटोत कुणाचं काय कळतं? जन्मभर त्यानं एकच नियम पाळला होता आणि लोकांना बजावला होता: बिल्ला असंल तर जनावर, बिल्ला न्हाई तर काही न्हाई.

तो नियम तो कशापायी इतका घट्ट धरून बसला होता, हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपाचा चौथा दिवस. तेरणेकडच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्याची माणसं मेलेली जनावरं मोजायला गेली होती. वर पाऊस, खाली दगड-माती. नाकाला बांधलेला रुमाल ओला होऊन तोंडाला चिकटत होता. डॉक्टरांनी शेषेरावाला एक आळी वाटून दिली. विम्याची जनावरं बघायची, बिल्ल्याचा कान कापून पिशवीत घालायचा, नंबर लिहायचा, नसंल तर "बिल्ला नाही" असं लिहून पुढं व्हायचं.

आळीच्या टोकाला सुभद्राबाई नावाची एक बाई उभी होती. तिच्या घरातलं कोण राहिलं, कोण गेलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. तिची सरकारी योजनेतली, विम्याची म्हैस भिंतीखाली होती. वरचा कान मोकळा दिसत होता, त्यात काही नव्हतं. बाई म्हणाली, बिल्ला खालच्या कानात हाय, बाबा, डोकं दगडाखाली गेलंय. दोन दगड होते. दोन गडी असते तर अर्ध्या तासाचं काम. शेषेराव छत्तीस वर्षांचा, अंगानं धडधाकट. पण त्याला अंधार पडायच्या आत गावाबाहेर निघायचं होतं. त्यानं दगडाला हात लावला, हलवून बघितल्यासारखं केलं आणि वहीत लिहिलं: बिल्ला नाही. बाईनं वहीकडं एकदा बघितलं. म्हणाली, बरं. आणि मदतीच्या गाडीतून मिळालेल्या पाण्याची पिशवी तिनं त्याच्या हातावर ओतली. हात धुवा म्हणाली, डॉक्टर, किडे लागलेत.

पुढं औशाच्या बाजारात ती एकदा दिसली होती. लांबूनच हात जोडले तिनं. शेषेराव एस.टी.च्या मागं जाऊन उभा राहिला.

तर त्या रविवारी रकाना बघून त्याच्या डोक्यात जे फिरायला लागलं ते हे. खारीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. सोमवारी त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. बिल्ला मारायची पक्कड कापडात गुंडाळून ठेवलेली होती, तेल दिलं तर नवीच. शेवटच्या वर्षातले पिवळे प्लॅस्टिकचे तीन बिल्लेही होते. अयोध्याला सांगायचं नाही, वकार आला की दाखवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. वकार म्हणंल, वा काका, तुमचं काम म्हंजी पक्कं. एवढं एक वाक्य ऐकायची हौस त्याला होती, हे पुढं त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं.

मंगळवारी सकाळी पोरी क्लासला गेल्या, अयोध्या गेली. शेषेराव बाजेवर बसला आणि नुसतं "खारे" म्हणाला. ती आली. नेहमीसारखी आली, हनुवटी त्याच्या मांडीवर टेकवली, शेपटी हलवली. त्यानं भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात दिला, उजवा कान बोटानं सरळ केला, पक्कड धरली.

पक्कडीचा आवाज एकदाच येतो, खट्.

गाय एक झटका देते आणि परत चघळायला लागते. म्हशीला तर कळतही नाही. खारी ओरडली. असा आवाज शेषेरावानं तिच्या तोंडातून पोट फुगलं होतं तेव्हाही ऐकला नव्हता. वरच्या खोलीत ताप आलेली एक पोरगी झोपलेली होती. ती ऐकेल म्हणून शेषेरावानं खारीचं तोंड हातानं आवळून धरलं. हातात तिच्या नाकाचा गरम वारा जोरजोरात येत होता, तोंडातला भाकरीचा तुकडा तसाच होता.

सोडल्यावर ती डोकं झटकत अंगणभर फिरली. तिच्या कानाच्या पातळ कातड्याला तो बिल्ला म्हणजे लोंबणारं ओझं. बाजेच्या खुराला बिल्ला अडकला आणि तिनं हिसका दिला तसा कान काठापर्यंत फाटला. मग मात्र शेषेरावाचे हात पट्टीबंधकाचे झाले. बिल्ल्याची दांडी कापली, रक्त दाबलं, जखम धुतली, पट्टी बांधली. सगळं नीट केलं. बिल्ला चुलीत टाकला. वरून ताप आलेल्या पोरीनं विचारलं, आबा, काय जळलालंय? तो म्हणाला, काही न्हाई गं, पिशवी. तिथून खोटं सुरू झालं.

अयोध्या दुपारी दोनला जेवायला आली. पट्टी बघून चप्पल न काढताच खाली बसली. काय झालं, मामा? शेषेराव म्हणाला, नाल्यावरचं एक कुत्रं फाटकातून घुसलं, त्यानं कान धरला. त्याला वाटलं होतं, एका वाक्यात भागेल. पण अयोध्या जीवशास्त्राची. कसलं कुत्रं? काळं. एकटं होतं का? एकटंच. लाळ गळत होती का? थोडी गळत व्हती. चालताना झुकत होतं का? तसं वाटलं. प्रत्येक प्रश्नाला त्या नसलेल्या कुत्र्याला एक एक अवयव फुटत गेला, आणि शेवटी ते असं तयार झालं की शेषेरावालाच त्याची भीती वाटायला लागली.

अयोध्याचं तोंड पांढरं पडलं. पिसाळलेलं असंल, ती म्हणाली. सकाळपासनं खारीनं कुणाकुणाला चाटलं? एवढ्यात क्लासवरून आलेल्या दोघी पोरी जिना उतरल्या, त्यातली शिरूर अनंतपाळची म्हणाली, मॅडम, मी आत्ताच तिला कुशीत घेतलं की, माझ्या बोटाला ब्लेडचं लागलंय. आणि ती रडायला लागली. परवा तिची मोठी टेस्ट होती.

अयोध्यानं रिक्षा बोलावली. खारीला चादरीत गुंडाळलं. शेषेराव न सांगताच शेजारी जाऊन बसला. वाटेत दोनदा त्यानं तोंड उघडलं. एकदा रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा काहीच आड आलं नव्हतं, तरी ते मिटलं.

डॉक्टर लुबना म्हणजे निजामोद्दीन नालबंदाची लेक. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी, लिंबाखाली बसून निजामोद्दीन बैलांना नाल मारायचा. ट्रॅक्टर आले, बैल गेले, त्याचा धंदा मोडला. पण बापाचा डबा घेऊन रोज फाटकात येणारी ही पोरगी जनावरांची डॉक्टर झाली. लहान असताना ती शेषेरावाच्या पायाशी बसून औषधाच्या रिकाम्या बाटल्यांशी खेळायची. अजून ती त्याला काका म्हणायची, आणि पेशंटांसमोर मुद्दाम सांगायची की जनावर कसं धरायचं ते मला ह्यांनी शिकवलं.

तिनं पट्टी सोडली. कानाभोवतीचे केस काढले, दिवा जवळ ओढला, बराच वेळ बघितलं. फाटलेला काठ एका बाजूला. पण कानाच्या मधोमध वाटोळं भोक होतं, कडा साफ, एका मापाची. ती मान वर न करता म्हणाली,

"काका, कुत्रं तुमी डोळ्यानं बघितलं?"

"हाव," शेषेराव म्हणाला.

लुबनानं एकदा त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तिला कळलं होतं. अशी भोकं पाडताना तिनं त्यालाच शेकडो वेळा बघितलं होतं, आणि आता ती त्याला वाट करून देत होती. ती सावकाश म्हणाली की मग तिला चावा असंच लिहावं लागेल. खारीला पाच सुया, महिनाभर वेगळं बांधून ठेवायचं. ज्या पोरींना चाटलंय त्यांनी आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या. आणि विम्याला लागणारं डॉक्टरचं पत्र आत्ता विसरून जायचं. हे सगळं तिनं सांगितलं आणि पेन हातात धरून थांबली.

अयोध्यानं मोबाईल काढला होता. पलीकडं शिरूर अनंतपाळला घंटा वाजत होती. पोरीच्या बापानं रानातून उचलला असावा, अयोध्या म्हणाली, हॅलो, मी लातूरहून मॅडम बोलतेय, घाबरू नका, पण...

"ठिव फोन," शेषेराव म्हणाला. "कुत्रं न्हवतं."

अयोध्यानं फोन कानाचा काढला नाही.

"कुठलंच कुत्रं न्हवतं, पोरी. म्या मारला बिल्ला. इम्यासाठी."

पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करीत होता. अयोध्या त्याला म्हणाली, काही नाही दादा, सगळं ठीक आहे, परवा टेस्ट आहे तेवढंच सांगायचं होतं. तिनं फोन ठेवला. दवाखान्यात कोपऱ्यात पिंजऱ्यातला एक पोपट कुणाचं तरी नाव घेत होता.

लुबना बाटलीतलं औषध कापसावर घेत होती. तिनं विचारलं, "भूल दिली व्हती का?"

"गायीला कुठं देत व्हतो."

"गाय खोड्यात बांधलेली असती, काका. चौघं धरतात. ही आपल्या पायानं चालत आली आसंल."

जनावर धरायचं कसं, ते शेषेरावानं ह्या पोरीला शिकवलं होतं. खारीला धरायची गरजच पडली नव्हती. तिच्या तोंडावर आवळलेला हात त्यानं धोतराला पुसला, परत पुसला. लुबनानं तीन टाके घातले, तेही भूल देऊन. टाके घालताना खारीचं डोकं अयोध्यानं धरलं. शेषेराव पुढं झाला तसं अयोध्या म्हणाली, राहू द्या मामा, मी आहे. आवाज वर न चढवता म्हणाली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या रिक्षात त्यानं म्हशीचं सांगितलं. रिक्षाच्या आवाजात, मान बाहेर धरून, जणू रस्त्याला सांगत असल्यासारखं. का सांगितलं हे त्यालाही नीट कळलं नाही. सुटका करून घ्यायला की काय. अयोध्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, त्या बाईला कधी सांगितलं का हे?

न्हाई, तो म्हणाला.

जिवंत हायत का त्या?

म्हायीत न्हाई. नव्या गावात आसतील.

शेषेराव मनात म्हणाला, जाऊन यायला पाहिजे. संक्रांतीला जाऊ. हे तो एस.टी.च्या मागं उभा राहिला होता त्या दिवसापासून दर सणाला म्हणत आला होता, आणि हेही त्याला त्याच घडीला आठवलं.

गोष्ट घरात राहिली नाही. शिरूर अनंतपाळच्या पोरीला सुई नको हे सांगताना खरं सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत नेहमीसारखा गोंधळ नव्हता. कुणी आधी मला म्हणालं नाही. बादली पुढं करताना पोरी त्याच्या हाताकडं बघतायत असं त्याला वाटलं, बघत नसतीलही. रविवारी व्यंकट आला आणि त्यानं चेष्टा केली, म्हणाला, आबा, सुटीचा अर्ज देताना मला बी साहेब ओळख मागतो, माझ्या कानाचं बघा की. अयोध्यानं त्याला डोळ्यानं दटावलं. शेषेराव ताट पुढं सारून उठला नाही, जेवला. पण घास कुठं गेला ते कळलं नाही.

त्यानं पक्कड भंगारवाल्याला दिली. उरलेले दोन बिल्लेही दिले. भंगारवाला म्हणाला, डॉक्टरसाहेब, चांगली हाय की, कामाला येईल. शेषेराव म्हणाला, मी डॉक्टर न्हाई बाबा. भंगारवाल्याला त्याचं काहीच नव्हतं, त्यानं तराजूत टाकली.

पंधरा दिवसांनी टाके निघाले. कानाच्या काठाला एक खाच राहिली. वकारचं येणं तोवर थांबवलं होतं, मग अयोध्या मोबाईलवर अर्ज उघडून बसली. तिनं दुसरा विमा धरला होता, आजार आणि औषधाचा. म्हणाली, हरवायची भीती नाही आणि चावायची तर नाहीच, दुखण्याची तेवढी आहे. पूर्वीची ऑपरेशनं: कोय. पूर्वीची इजा: उजवा कान. पुढं कारण लिहायचं होतं. तिनं मोबाईल शेषेरावाकडं फिरवला.

"तुमीच सांगा मामा. काय लिहू?"

शेषेरावानं एकेक शब्द सांगितला आणि अयोध्यानं तो तसाच लिहिला: घरच्याच माणसानं भूल न देता कानाला भोक पाडलं.

संध्याकाळी वकारचा फोन आला. तो हसत होता. काका, आसं कुणी लिहितं का अर्जात, साधं अपघात लिहा, मी दुरुस्त करतो, कंपनी कान वगळंल उगं. शेषेराव म्हणाला, वगळू द्या. हाय तेच ऱ्हाऊ द्या. वकारनं विषय बदलला. ओळखीसाठी फोटो मागितले. एक समोरून, एक बाजूनं. बाजूचा फोटो अयोध्यानं उजव्या अंगानं काढला. वकारचा निरोप आला: झकास, ही कानाची खाच लांबून वळखू येते.

शेषेरावानं तो निरोप दोनदा वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला.

विमा मंजूर झाला. उजवा कान सोडून सगळी खारी विम्यात आली. अयोध्यानं कागद कपाटात ठेवला. बोलणं-चालणं पूर्ववत झालं, निदान वरून. मामा, दूध बघा. मामा, गॅसवाला येईल. फक्त खारीला औषधाचा थेंब घालायचा असला, नखं कापायची असली, की ती स्वतः करायची, आणि ते करताना शेषेराव अंगणात काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

खारीला मात्र ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही तिनं धरलं नव्हतं. धुई सरली, थंडी मात्र राहिली. एका सकाळी शेषेराव चुलीपुढं बसला असताना ती आली आणि हनुवटी त्याच्या मांडीवर टेकवून बसली. पूर्वीसारखीच, एवढंच की बसताना तिनं अंग असं वळवलं की खाच पडलेला कान पलीकडं राहिला. शेषेरावाचा हात उचलला गेला आणि मधेच थांबला. ती रुसली असती, गुरगुरली असती, तर त्याला काही करता आलं असतं. समजूत काढता आली असती. ती नुसती बसली होती, डोळे मिटून, सगळं वजन त्याच्यावर टाकून. त्याला तिच्याकडं बघवेना. जाळातली एक तुराटी त्यानं उगाच मागंपुढं केली.

तेवढ्यात गल्लीतून शेजारच्या नागुबाईची हाक आली, नळ आला ओ. आठ दिवसांनी आलेला नळ, तासभर टिकला तर नशीब. शेषेरावानं खारीचं डोकं दोन्ही हातांनी हळूच उचलून जमिनीवर ठेवलं, उठला, खुंटीवरचा पाइप काढला, एक टोक तोटीला आवळलं आणि दुसरं घेऊन हौदाकडं गेला. पहिलं पाणी गढूळ होतं. ते त्यानं जास्वंदीला सोडलं आणि नितळ यायची वाट बघत उभा राहिला.